संत्र्याला एकवीस ते तीस

“काका, हा खट्‌ आवाज कशाचा आला?” फाटकाची कडी काढता काढताच विनिताने विचारलं.

“व्हॉल्व्ह उघडला. सहा म्हणजे सहाला.” यशवंतराव देशकरांनी मनगटावरचं घड्याळ तिच्यासमोर धरलं. “बघ. सेकंदाचा फरक नाही.”

विनिताच्या हातात दुधाच्या दोन पिशव्या होत्या. त्यातली एक तिने ओट्यावर ठेवली, एक स्वतःपाशी ठेवली आणि नळाकडे वाकून बघितलं. नळाच्या तोंडावर हिरवा प्लास्टिकचा डबा बसवला होता. त्याला दोन तोंडं होती. एका तोंडातून बारीक नळ्या निघून मोगरा, तगर, जास्वंद, कढीपत्ता अशा सगळ्यांच्या बुंध्याशी गेल्या होत्या. दुसऱ्या तोंडाला जुना, जागोजागी चिकटपट्टी गुंडाळलेला पाइप होता आणि तो थेट कोपऱ्यातल्या संत्र्याच्या आळ्यात सोडलेला होता.

“मानसीने पाठवला,” यशवंतराव म्हणाले. “पुण्याहून. मी म्हटलं, अगं, आख्खा जन्म टायमर तपासण्यात गेला माझा, आणि तू मला टायमर पाठवतेस. तर म्हणते, बाबा, हा बसवा आणि निमूट गाडीत बसा.”

शनिवारी ते पुण्याला निघणार होते. दोन्ही गुडघे बदलायचे होते. एप्रिल, मे, जून, असे तीन महिने तरी मुलीकडे राहणं भाग होतं. भोपाळच्या अयोध्या नगरातल्या या घरावर गेल्या अडतीस वर्षांत एवढे दिवस कधी कुलूप लागलं नव्हतं. विनिता शेजारच्या तिवारींची मुलगी. लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेली, सरकारी दवाखान्यात नर्स झाली, तरी सकाळचं दूध काकांकडे तीच आणून टाकायची. घराची किल्ली तिच्याकडेच राहणार होती. पण तिच्या ड्युट्या कधी दिवसाच्या, कधी रात्रीच्या. रोज पाणी घालायला ये असं तिला सांगणं यशवंतरावांना पटेना. म्हणून टायमर.

यशवंतराव जवळच्या मोठ्या कारखान्यात चौतीस वर्षं होते. कंट्रोल पॅनेलच्या विभागात रिले आणि टायमर तपासायचे, हेच काम. तीस सेकंदांचा टायमर तिसाव्या सेकंदाला सुटला तर हिरवी चिठ्ठी, बत्तिसाव्याला सुटला तर लाल. लाल चिठ्ठी लावताना ते कधी कचरले नाहीत. वरच्या साहेबाने “देशकर, जाने दो यार, दो सेकंद से क्या होता है” म्हटलं, तरी ते ऐकत नसत. माणूस तसा साधा. सायकल, मग स्कूटर, पोळीभाजीचा डबा, दर वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत वर्गणी गोळा करायचं काम. बढतीच्या वेळी नाव दोनदा मागे पडलं, त्याचीही त्यांनी कुठे तक्रार केली नाही. अभिमान एकाच गोष्टीचा होता. आपल्या हातून चूक सुटत नाही.

“संत्र्याला किती लावलं?” विनिताने विचारलं.

“पाच मिनिटं.”

“कम आहे काका.”

“कमी कसं? मालतीच्याच पद्धतीने लावलंय. एकवीस ते तीस. मी स्वतः म्हणून बघितलं. पाचच मिनिटं लागतात, उलट थोडी कमीच.”

विनिता हसली, आणि मग हसू आवरून झाडाकडे बघत राहिली. संत्र्याची पानं कडेने आत वळली होती. आळ्यातली काळी माती भेगाळलेली होती.

हे एकवीस ते तीस काय, ते सांगायला हवं.

यशवंतरावांच्या पत्नी मालतीबाई लग्न होऊन नागपूरहून भोपाळला आल्या तेव्हा हे घर नव्हतं. घर झालं, मानसी शाळेत जायला लागली, तेव्हा सकाळी सहा ते सात हा एकच तास त्यांच्या हातात असे. त्या तासात झाडांना पाणीही घालायचं आणि मुलीचे पाढेही घ्यायचे. त्यांनी दोन्ही कामं एकत्र केली. एका हातात पाइप धरायचा आणि तोंडाने पाढे म्हणायचे. मानसी पायरीवर बसून मागोमाग म्हणायची. तिचं बघून शेजारची विनिता आली, समोरचे दोघे आले, आणि वर्षभरात पायरीवर सात-आठ पोरं बसायला लागली. त्यातली निम्मी मराठी नव्हतीच. पण मालतीबाईंना पाढे मराठीतच येत होते, त्यामुळे तिवारींच्या, खान साहेबांच्या घरात मराठी पाढे घुमू लागले.

हळूहळू झाडांच्या आणि पाढ्यांच्या जोड्या ठरून गेल्या. तुळशीला बे. मोगऱ्याला तीन ते सहा. तगरीला सात ते दहा. जास्वंद आणि कढीपत्त्याला मिळून अकरा ते वीस. आणि संत्र्याला एकवीस ते तीस, कारण संत्र्याला पाणी सगळ्यांत जास्त.

ते झाड मालतीबाईंच्या माहेरचं. काटोलजवळ त्यांच्या भावाची बाग होती, तिथून कलम आणलं होतं. ओल्या गोणपाटात गुंडाळून, गाडीत मांडीवर घेऊन. डब्यातल्या लोकांनी विचारलं, बाळ आहे का म्हणून. भोपाळात कोणी म्हणे जगणार नाही, कोणी म्हणे जगलं तर फळ धरणार नाही. पाचव्या वर्षी अकरा फळं आली. यशवंतरावांनी पहिली फोड तोंडात टाकली आणि म्हणाले, “आंबट आहे.”

“आंबट नाही, भोपाळी आहे,” मालतीबाई म्हणाल्या, आणि उरलेली दहा संत्री त्यांनी गल्लीत वाटून टाकली.

पोरं मोठी झाली. मानसी पुण्याला गेली. पायरी रिकामी झाली, तरी पाढे काही थांबले नाहीत. मालतीबाईंना त्याशिवाय पाणी किती झालं ते कळतच नसे. व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर यशवंतराव पेपर वाचत बसायचे आणि समोर रोज बे ते तीस चालायचं. ते आवाज ऐकत होते असं म्हणता येणार नाही. तो आवाज नसता तर मात्र त्यांना पेपर वाचता आला नसता.

गेल्या वर्षी जानेवारीत मालतीबाई गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं.

त्यानंतर पाणी यशवंतराव घालायला लागले. पाढे म्हणायला त्यांची जीभ वळेना. त्यांनी घड्याळ लावून मिनिटं ठरवली, प्रत्येक झाडाच्या पाढ्यांना लागतील तेवढीच. बाकी झाडं ठीक राहिली. संत्र्याने मात्र गेल्या वर्षी सगळी फुलं गाळली, एकही फळ धरलं नाही, आणि या फेब्रुवारीपासून पानं मिटायला लागली. यशवंतरावांनी खत घातलं, औषध मारलं, नर्सरीवाल्याला आणून दाखवलं. त्याने झाडाभोवती एक फेरी मारली आणि “उमर हो गई, बाबूजी” म्हणून निघून गेला. मानसी फोनवर म्हणाली, “बाबा, गेलं तर गेलं. एक झाडच आहे.” त्या दिवशी ते जेवले नाहीत. तीन महिन्यांनी नवे गुडघे घेऊन परत यायचं आणि तो कोपरा रिकामा बघायचा, हे त्यांच्याच्याने होणार नव्हतं. ते झाड या उन्हाळ्यात जगायला हवं होतं. दुसरं काहीही त्यांना नको होतं.

खट्‌ आवाज झाला. पाच मिनिटं संपली. पाइपमधून शेवटचं पाणी ठिबकलं.

“काका, एक विचारू? नाराज नाही व्हायचं.”

“विचार.”

“एकवीस ते तीस तुम्ही एकदाच पकडलं. आणि काकूंची गलती?”

“कसली गलती?”

“एकोणतीसची. काकू रोज तिथे अटकायच्या ना. मग परत एकवीसपासून. आमचा नियम होता तो. जो चुकेल तो परत पहिल्यापासून.”

नळापाशी पाट टाकून बसलेले यशवंतराव उठू लागले आणि अर्ध्यातच परत बसले.

मालतीबाईंना एकोणतीसचा पाढा येत नव्हता. हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं, आणि ठाऊक करून देण्यात मोठा वाटा यशवंतरावांचाच होता. सकापर्यंत त्या नीट जायच्या. साती आलं की “दोनशे... तेरा” म्हणायच्या आणि थांबायच्या. हातातला पाइप दुमडून धरायच्या, पाणी वाया जाऊ नये म्हणून. मग व्हरांड्याकडे मान वळवून विचारायच्या, “किती हो?” पेपराआडून आवाज यायचा, “दोनशे तीन.” पोरं फिदीफिदी हसायची. “चला, परत एकवीसपासून,” असं म्हणून त्या पाइप सोडायच्या. गणपतीच्या हळदीकुंकवाला पन्नास माणसांत यशवंतरावांनी सांगितलं होतं, “आमच्या घरात सगळं ठीक आहे, एकोणतीस साती सोडून.” मालतीबाईही सगळ्यांबरोबर हसल्या होत्या.

“ती तर चूक होती,” यशवंतराव म्हणाले. “चूक कशी धरणार?”

“पण पाणी तर पडायचं ना काका, गलतीचं पण.”

चौतीस वर्षं टायमर तपासलेल्या माणसाला हे कळायला चौदा महिने लागले, याची त्यांना लाज वाटली. झाडाला निम्मंच पाणी मिळत होतं. उरलेल्या निम्म्यावर त्यांनी स्वतःच लाल चिठ्ठी लावली होती.

“बरोबर किती वेळ लागायचा, ते कसं कळणार आता?” ते म्हणाले. “मी म्हणतो ते भराभरा म्हणतो. ती सावकाश म्हणायची.”

विनिताने दुधाची पिशवी पायरीवर ठेवली आणि ओढणी कमरेला खोचली. “मी म्हणते. तुम्ही घड्याळ लावा.”

“तुला येतात अजून?”

“काका, मला हिंदीत पहाडे येतच नाही. वॉर्डात सलाईनचे थेंब मोजते ना, ते पण मराठीतच. आमचे हे हसतात. म्हणतात, बायको तिवारींची आणली, गिनती देशकरांची निघाली.”

तिने टायमरमधून पाइप सोडवला, शेजारच्या साध्या नळाला लावला आणि संत्र्यापाशी जाऊन उभी राहिली. नळ सोडला. यशवंतरावांनी घड्याळाचं बटण दाबलं.

“एकवीस एके एकवीस. एकवीस दुणे बेचाळीस. एकवीस त्रिक त्रेसष्ट...”

पहिल्या ओळीलाच त्यांनी मान खाली घातली. आवाज विनिताचा होता, जाडसर, रात्रपाळ्यांनी बसलेला. पण चाल मालतीची होती. ‘त्रिक’वर जरासं रेंगाळायचं, ‘चोक’ला उचलून धरायचं, ‘नव्वे’ला श्वास घ्यायचा आणि ‘दाहे’ म्हणताना पाय बदलायचा. पायसुद्धा. पाइप बुंध्यावर न धरता आळ्याच्या कडेकडेने गोल फिरवायचा, तोही तसाच. पायरीवर बसून आठ वर्षांच्या पोरीने किती बारकाईने बघून ठेवलं होतं. समोर तीस वर्षं बसून आपण पेपर वाचला, असं यशवंतरावांच्या मनात आलं. त्यांना मालतीची फार आठवण आली, इतकी की तेरावा झाला त्या दिवशीही आली नव्हती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि घड्याळाकडे बघत राहिले, कारण ते काम त्यांच्याकडे होतं.

पंचवीस झाले. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस झाले.

“एकोणतीस पाचा एकशे पंचेचाळीस. एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर. एकोणतीस साती दोनशे... तेरा.”

विनिता थांबली. तिने पाइप दुमडून धरला आणि व्हरांड्याकडे न बघता त्यांच्याकडे बघितलं.

“चार मिनिटं,” यशवंतराव म्हणाले. मग जरा वैतागून म्हणाले, “तुलाही येत नाही वाटतं.”

“येतो ना. दोनशे तीन. मला तर काकूंनीच शिकवला.”

“तिला येत नव्हता, ती तुला काय शिकवणार?”

विनिताने नळ बंद केला. सांगावं की नाही याचा विचार करत ती थोडा वेळ ओला पाइप हातात घेऊन उभी राहिली.

“पाचवीच्या परीक्षेच्या टायमाला काकूंनी मला किचनमध्ये बसवून घेतलं होतं. एकोणतीस त्यांनी असा सपासप म्हटला, उलटा पण म्हटला, दोनशे नव्वदपासून खाली. मी विचारलं, काकू, मग बाहेर का चुकता? तर म्हणाल्या, कुणाला सांगायचं नाही. काळ्या मातीत एकदम पाणी सोडलं तर वरून वाहून जातं म्हणे, थोडं थांबून दिलं की मुरतं. म्हणून मध्ये थांबायचं.”

“ते बरोबर आहे,” यशवंतराव म्हणाले. “मग सरळ थांबायचं. चुकायचं कशाला?”

“तेच मी विचारलं.” विनिता आता जमिनीकडे बघून बोलत होती. “तर म्हणाल्या, तुझे काका सकाळी पेपरमध्ये घुसतात ते ड्युटीला जाईपर्यंत बाहेरच येत नाही. काहीतरी बोलायला लावावं लागतं ना गं त्यांना. दुसरं काही विचारलं तर हूं म्हणतात. चूक केली की मात्र लगेच बोलतात.”

गल्लीतून भाजीची गाडी गेली.

“म्हणजे रोज?” यशवंतरावांनी विचारलं.

“रोज. मी मोठी झाल्यावर पण विचारलं एकदा, अजून चुकता का काकू? तर हसल्या फक्त.”

यशवंतरावांनाही हसू आलं. अशी लबाड बाई. पन्नास माणसांत स्वतःची फजिती करून घेऊन हसत बसली, आणि घरी येताना वाटेत एक शब्द बोलली नाही. निवृत्त झाल्यावर ड्युटी संपली, पोरंही गेली, तरी ती चुकतच राहिली, आणि ते पेपराआडून रोज ऐटीत उत्तर देत राहिले. सकाळचं त्यांचं पहिलं वाक्य किती वर्षं तेच होतं. आपण तिला सुधारत होतो असं त्यांना वाटत होतं.

“दूध तापवायचंय, काका. मी जाऊ?”

“थांब. दुसरी फेरी राहिली. पूर्ण एकवीस ते तीस. आणि मध्ये किती वेळ थांबायची, तेही सांग.”

“एक मिनिट असेल. तुम्ही उत्तर द्यायचे, आम्ही हसायचो, काकू ओरडायच्या. हां, एक मिनिट.”

दुसरी फेरी पाच मिनिटांची भरली. विनिता गेल्यावर यशवंतरावांनी पाइप परत टायमरला जोडला आणि चष्मा कपाळावर चढवून बटणं दाबली. पहिला प्रोग्राम सहाला, चार मिनिटं. दुसरा सहा वाजून पाच मिनिटांनी, पाच मिनिटं. मधे एक मिनिट बंद. त्या डब्याला चार कार्यक्रम करता येत होते, हे त्यांना माहीत होतं, पण संत्र्याला एकाहून जास्त लागेल असं वाटलं नव्हतं. मग त्यांनी कागदावर सगळं नीट लिहून तो विनितासाठी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. त्यात ‘संत्रे’ या शब्दापुढे दोन ओळी होत्या. पहिलीपुढे ‘२१ ते २९ साती’ असं लिहिलं होतं.

संध्याकाळी मानसीचा फोन आला. “बाबा, टायमर जमला का? ॲपमध्ये बघितलं मी, लिंबूवर्गीय झाडाला पाच-सहा मिनिटं पुरतात म्हणे.”

“नऊ लावलीत.”

“एवढी? वाया जाईल ना पाणी. तुम्हीच तर म्हणता, एक थेंब वाया जाता कामा नये.”

“नाही जात वाया,” यशवंतराव म्हणाले. “मानसी, तुला एकोणतीस साती किती ते येतं?”

“दोनशे तीन. का हो?”

“काही नाही. आईची आठवण काढत होतो.”

मानसी म्हणाली, “बाबा, गाडीत खालचाच बर्थ आहे ना, बघून घ्या.” तिचा आवाज बदलला होता.

पुढचे चार दिवस ते रोज सहाच्या आधी उठून बसले. टायमर चुकत नव्हता. आळ्यातली माती दुपारपर्यंत ओली राहायला लागली. तिसऱ्या दिवशी शेंड्याकडची काही पानं उलगडल्यासारखी वाटली. त्यांनी जवळ जाऊन, मग लांबून, मग परत जवळ जाऊन बघितलं. चौथ्या दिवशी विनितालाही तसंच वाटलं. ती नर्स असल्यामुळे तिच्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला.

शनिवारी रिक्षा साडेसहाला येणार होती. सामान व्हरांड्यात काढून ठेवलं होतं. गॅस बंद, मेन स्विच बंद, खिडक्या लावलेल्या. पेपर त्यांनी आदल्या दिवसापासूनच बंद केला होता, त्यामुळे वेताच्या खुर्चीवर ते नुसतेच बसले होते. समोर बाग दिसत होती. एवढ्या वर्षांत तिथून ती सबंध अशी त्यांनी कधी बघितली नव्हती.

सहाला खट्‌ झालं. पाइप जरासा हलला आणि आळ्यात पाणी पडायला लागलं.

यशवंतराव मनातल्या मनात मोजू लागले. सावकाश, त्रिकवर रेंगाळत, नव्व्याला श्वास घेत. बावीस झाले, चोवीस झाले. रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, तरी त्यांचा आकडा चुकला नाही. अठ्ठावीस संपले. एकोणतीस एके, दुणे, त्रिक, चोक, पाचा, सक.

खट्‌. पाणी थांबलं.

बागेत अगदी शांत झालं. पाइपच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता. यशवंतराव खुर्चीत पुढे सरकले, दुखऱ्या गुडघ्यांवर हात ठेवले, आणि समोर कोणी नसताना, नेहमीच्याच जरबेच्या आवाजात म्हणाले, “दोनशे तीन.”

मिनिटभराने पाणी परत एकवीसपासून सुरू झालं.